आत्याबरोबर लक्षद्वीपच्या बोटीवर

आत्याला पुन्हा एकदा बोटीत बसायचं होतं. तिच्या लहानपणी मालवणहून मुंबईला यायचं म्हणजे आगबोटीनं. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली १९९८ साली, तोवर तिचं शिक्षण, लग्न, मुलं सगळं होऊन गेलं होतं, आणि त्या बोटीही बंद पडल्या होत्या. मुंबईहून लक्षद्वीपला जाणाऱ्या क्रूझची जाहिरात बघून तिनं मला फोन केला आणि तिकिटाचं काम माझ्याकडे आलं. मला बोटीतलं काडीचं कळत नव्हतं. गेटवेहून मांडव्याला जाणं, एवढाच माझा समुद्रप्रवास.

एजंटनं बोटीचा नकाशा टेबलावर पसरला आणि विचारलं, "केबिन कुठली देऊ? पुढची, मधली की मागची? वरच्या मजल्यावर की खालच्या?" वरची खोली म्हणजे चांगली, हे मी हॉटेलांवरून धरून चालले होते. त्यानं समजावलं ते असं. बोट लाटेवर पुढेमागे हलते ती सी-सॉसारखी: टोकं वर-खाली होतात, मधला भाग जवळजवळ जागेवर राहतो. आणि जितकं वर जावं तितकं डोलणं जास्त. बोटीच्या पोटाला दोन्ही बाजूंनी स्टॅबिलायझर, म्हणजे पाण्याखालचे पंख असतात. ते डाव्या-उजव्या अंगाला होणारं डोलणं कमी करतात, पुढच्या-मागच्या उसळीवर मात्र त्यांचा फारसा इलाज चालत नाही. म्हणून वयस्कर माणसासाठी मधली, खालच्या मजल्यावरची केबिन. शिवाय डोक्यावर आणि पायाखाली कुठला मजला आहे तेही बघायचं. वर जलतरण तलाव असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो, खाली नाचगाण्याचा हॉल असेल तर मध्यरात्रीपर्यंत ढोल. वरखाली दोन्हीकडे केबिनच असतील ती जागा सगळ्यात शांत. आम्हाला मिळालेली मधली केबिन बिनखिडकीची होती आणि सगळ्यांत स्वस्तही.

सामान भरताना मी इस्त्री, पाण्याची किटली आणि एक्स्टेंशन बोर्ड काढून ठेवला होता. यादी वाचली तर तिन्ही वस्तूंना मनाई. समुद्रावर आग लागली तर अग्निशमन दल येत नाही, खलाश्यांनाच ती विझवावी लागते, त्यामुळे तापणाऱ्या वस्तूंबाबत फार कडक नियम असतात. त्याऐवजी शेजारच्या मर्चंट नेव्हीतल्या काकांनी फ्रीजला चिकटवायचे चुंबकाचे हूक न्यायला सांगितले. केबिनच्या भिंती बहुतेक जहाजांवर पोलादी पत्र्याच्या असतात, म्हणे. मी चार हूक घेतले, आणि ओले टॉवेल, आत्याची पिशवी, टोपी, कागदपत्रं सगळं भिंतीला लटकलं.

बॅलार्ड पिअरला पोचल्यावर मोठ्या बॅगा चिठ्ठी लावून घेऊन गेले. त्या केबिनपर्यंत यायला संध्याकाळ होऊ शकते, हे तिथल्या मुलीनं सांगितलं म्हणून आत्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या मी लगेच काढून पर्समध्ये घेतल्या. ओळखपत्र, चष्मा, चार्जर, एक कपड्यांचा जोड, हेही हातातल्या पिशवीत हवं. मग प्रत्येकाच्या हाती एक कार्ड येतं. तीच खोलीची किल्ली, तेच ओळखपत्र, आणि बोटीवर रोख पैसे चालत नसल्यानं तेच पाकीटही. चहा-जेवण तिकिटात धरलेलं असतं, पण डबाबंद पेयं, फोटो, इंटरनेट असलं बरंच काही त्या कार्डावर मुकाट्यानं चढत जातं. रोज रात्री रिसेप्शनवर जाऊन हिशेब बघता येतो, हे मला आमच्या केबिनचं काम बघणाऱ्या मुलाकडून कळलं.

तो मुलगा रत्नागिरीकडचा. आत्याचं बोलणं ऐकून त्याचा चेहरा उजळला आणि त्यानं आम्हाला बोटीवर चालायलाच शिकवलं. "मावशी, दाराशी उंबरा उंच आहे, पाय उचलून टाका. जिन्यावर एक हात कायम कठड्याला. दार लावताना बोटं कडेला ठेवू नका, वाऱ्यानं दार आपोआप आपटतं." न्हाणीघरात संडास हवेच्या ओढीनं साफ होतो, त्यात कागदाशिवाय काही टाकलं तर आसपासच्या केबिनीही तुंबू शकतात. मी विचारलं, घरून आणलेलं सॅनिटायझर आहे, हात धुवायला सारखं उठायला हवं का? तो म्हणाला, "ताई, साबणच." बोटीवर पसरणारा उलट्या-जुलाबांचा नोरोव्हायरस सॅनिटायझरला फारशी दाद देत नाही. इतके लोक एकाच बुफेचे चमचे हातात धरतात, तिथं साबण-पाण्याला पर्याय नाही.

चहा घेत होतो तेवढ्यात मस्टर ड्रिलची घोषणा झाली. मस्टर म्हणजे हजेरी. संकट आलं तर कुणी कुठं जमायचं याची तालीम. बरेच प्रवासी डेकवर फोटो काढत होते, मलाही वाटलं की नंतर जाऊ. आत्या उठून उभी राहिली. "रामदास बोट ठाऊक आहे ना तुला?" एवढंच म्हणाली. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट १७ जुलै १९४७ ला बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. आत्याचा जन्मही त्यानंतरचा, पण कोकणातल्या घरांत ती गोष्ट बोटीचं तिकीट काढताना दर वेळी निघायची.

आमच्या कार्डावर एक अक्षर छापलेलं होतं, ते आमच्या जमायच्या जागेचं. तिथं अधिकाऱ्यानं भोंग्याचा इशारा ऐकवला: सात छोटे आवाज आणि एक लांब. तो आला की लिफ्टकडे जायचं नाही, जिन्यानं यायचं. मग लाइफजॅकेट. नारिंगी, जाड, गळ्यात अडकवून कमरेशी पट्टा आवळायचा. आत्याचा पट्टा मी सैल बांधला होता. अधिकाऱ्यानं जॅकेट दोन्ही खांद्यांवर धरून वर ओढलं तर ते तिच्या हनुवटीपर्यंत आलं. पाण्यात पडल्यावर जॅकेट असंच वर सरकतं आणि डोकं खाली जातं. त्यानं पट्टा आवळला, पुन्हा ओढून बघितलं. मग त्याला लावलेली शिट्टी दाखवली, आणि पाणी लागल्यावर पेटणारा छोटा दिवाही.

ही तालीम बोट सुटण्याआधी किंवा सुटल्याबरोबर का घेतात, तेही त्यानंच सांगितलं. पूर्वी चोवीस तासांच्या आत घेतली तरी चालायची. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीत जीलियो बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आदळली तेव्हा त्याच संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांची तालीम व्हायची होती. ३२ माणसं गेली. १ जानेवारी २०१५ पासून आंतरराष्ट्रीय नियम बदलला. संध्याकाळी आत्या आणि मी केबिनपासून त्या जागेपर्यंत पुन्हा एकदा पायी जाऊन आलो, जिन्यानं, दारं मोजत. दिवे गेले तरी जाता यायला हवं, असं तिचं म्हणणं.

रात्री मुंबईचे दिवे मागे पडले आणि बोट डोलायला लागली. बोट लागली ती मला. आत्या निवांत जेवत होती. पुढे रत्नागिरीकराकडून कळलं की गोळी निघण्याआधीच घ्यावी लागते, मळमळ सुरू झाल्यावर तिचा उपयोग कमी. (गोळीनं झोप येते, म्हणून वयस्करांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.) बिनखिडकीच्या केबिनमध्ये पडून राहिले तर आणखी वाईट वाटायला लागलं. कानाला हालचाल कळते, डोळ्यांना समोरची भिंत स्थिर दिसते, आणि त्या दोघांचं जमत नाही म्हणून पोट ढवळतं. आत्यानं मला हाताला धरून उघड्या डेकवर नेलं, बोटीच्या मध्यावर उभं केलं आणि म्हणाली, "पाण्याकडे नको बघू गो, लांब बघ, आभाळ टेकतं तिथं." अंधारात क्षितिज कसं दिसणार? पण लांबवर मासेमारी बोटींच्या दिव्यांची ओळ होती, तिच्यावर नजर ठेवली. हळूहळू घाम थांबला. उपाशी राहू नकोस म्हणून तिनं कोरडी बिस्किटं आणि आल्याचा तुकडा दिला. रात्री उशिरा मी आमटी-भात खाल्ला.

किनारा सुटल्यावर फोनची रेंज जाते. फोन फ्लाइट मोडवर ठेवायचा, नाहीतर तो उपग्रहावरून चालणारं जहाजाचं नेटवर्क पकडू शकतो आणि त्याचं बिल घरी आल्यावर कळतं. रोजचा कार्यक्रम छापील कागदावर मिळत होता. तो चुंबकानं दारावर लावून टाकला, म्हणजे प्रश्नच मिटला.

लक्षद्वीपला मोठी बोट किनाऱ्याला लागत नाही. बेटांभोवती प्रवाळाची भिंत, आत उथळ पाणी. जहाज बाहेर उभं राहतं आणि छोट्या होड्यांनी माणसं नेतात. बेटावर जायला आपल्यालाही परवाना लागतो, तो कागद आधीच करून घ्यावा लागतो. खाली उतरून होडीत पाय ठेवायचा क्षण अवघड. होडी लाटेवर वर येते तेव्हाच पाय टाकायचा, खाली जाताना नाही. खलाशी "आता" म्हणेपर्यंत थांबायचं. आत्या सहज उतरली. मालवणला आगबोट लांब उभी राहायची आणि पडावात बसून किनाऱ्याला यावं लागायचं, त्यातही असाच पाय टाकत होते, म्हणाली. मी मात्र दोन्ही हातांनी खलाश्याचं मनगट धरलं होतं. समुद्र खवळलेला असेल तर हे उतरणंच रद्द होतं आणि कप्तानाचा शब्द शेवटचा असतो, हे आधी माहीत असलेलं बरं.

परतीच्या आदल्या रात्री मोठ्या बॅगा दाराबाहेर ठेवायला सांगतात. सकाळी घालायचे कपडे, चपला, औषधं आणि ओळखपत्र आधी बाजूला काढा, मगच बॅग बाहेर लोटा. बिलाची प्रतही त्याच रात्री मागून घ्यावी; सकाळी रिसेप्शनसमोर लांब रांग असते आणि चुकीची नोंद सोडवायला कुणाला वेळ नसतो.

घरातल्या वयस्कर माणसाला घेऊन जाणार असाल तर पैसे भरण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी विचारून घ्या: व्हीलचेअर केबिनच्या दारातून आत जाते का, छोट्या होडीत उतरायला मदत मिळते का, आणि बोटीवर डॉक्टर चोवीस तास असतो का. उत्तरं समाधानकारक असतील तर जरूर न्या, आणि पावसाळा सोडून न्या. जूनपासून अरबी समुद्र खवळलेला असतो.