अर्धा गुण

गेल्या परीक्षेनंतर एक विद्यार्थिनी उत्तरपत्रिका घेऊन मजकडे आली. "बाई, येथें अर्धा गुण राहिला आहे." "अर्ध्या गुणानें काय होणार?" असें म्हणून मीं तिला परत पाठविलें.

त्याच सुमारास लेला लोंबार्दी हिची हकीकत वाचनांत आली. इटलींतील फ्रुगारोलो गांवीं १९४१ सालीं जन्मलेली ही खाटकाची मुलगी. वडिलांच्या दुकानाचा माल पोंचवितां पोंचवितां तिचा मोटारीवर हात बसला. पुढें ती फॉर्म्युला वन शर्यतींत उतरली. २७ एप्रिल १९७५ रोजीं बार्सिलोनाच्या मोंजुइक टेकडीवर शर्यत चालू असतां एक मोटार कठड्यापलीकडे उडाली, कांहीं माणसें प्राणांस मुकलीं व शर्यत निम्मी होण्यापूर्वींच थांबविण्यांत आली. लेला सहावी होती. सहाव्या क्रमांकाचा एक गुण. शर्यत अपुरी, म्हणून त्याचाही अर्धाच तिच्या पदरीं पडला. १९९२ सालीं ती निवर्तली. परंतु त्या जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यतींत गुण मिळविणारी स्त्री आजवर तीच एकटी.

दुसऱ्या दिवशीं मीं ती उत्तरपत्रिका मागविली. उत्तर बरोबर होतें. मुलांनो, कष्टानें मिळविलेलें अर्धेंही लहान नसतें, हें त्या मुलीस ठाऊक होतें. शिकावयाचें होतें तें मला.