बाभळीच्या इंगळावर

नागपुरात इतवारीच्या भांडेओळीत मान तांब्या-पितळेला. ॲल्युमिनियमची किरकोळ वस्तू दुकानाच्या दाराशी दोरीला लोंबते. आमचं हातटोस्टर त्या दोरीवरचं. दोन पातळ पानं, मध्ये बिजागरी, लांब दांड्या, टोकाला काळ्या मुठी आणि घट्ट बसणारी कडी. बाबांनी घासाघीस करून ते घेतलं, तेव्हा आई हसली होती. ब्रेड हे तापात दुधात बुडवून खायचं प्रकरण. त्यासाठी वेगळं भांडं कशाला?

गॅसवर सँडविच बरं व्हायचं, इतकंच. ते रंगायचं भिवापूरला, आत्याच्या शेतात. दिवाळीनंतर इतवारीहून नॅरोगेजच्या गाडीने आम्ही तिकडे जायचो. २०१९च्या नोव्हेंबरात ती गाडी ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली आणि तिच्या चालीची टिंगल करणारेच आता तिचं कौतुक सांगत फिरतात. रात्री जागलीला शेकोटी पेटली की थोरला भाऊ टोस्टर थेट जाळात धरायचा. आत्या ओरडायची, "जाळावर कायले धरून राहिला बाप्पा? इंगळ पडू दे ना!"

तिने सँडविच कधी केलं नव्हतं, पण रोडगे जन्मभर भाजले होते. गोवऱ्यांचा जाळ बसल्याशिवाय रोडगा आत ठेवायचा नाही, हे तिच्या हातातच होतं. जाळाने काजळी धरते, बाहेरून करपतं, आत कच्चं राहतं. इंगळाची धग सारखी लागते. त्यातही बाभळीचा इंगळ जड, बराच वेळ टिकणारा. संत्र्याच्या वाळक्या काटक्या भडकतात आणि लगेच राख होतात. मात्र टोस्टर रोडग्यासारखं इंगळात पुरायचं नाही. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि फुललेला निखारा तिथवर सहज पोचतो. चार बोटं वर धरायचं आणि उलटंपालटं करत राहायचं.

ब्रेडला बाहेरून लोणी, आत उकडलेला बटाटा, हळद, मीठ आणि भिवापुरी मिरचीचा ठेचा. कडी लावली की कडा दाबून चिकटतात, वाफ आतच कोंडते. आधी लोणी चरचरतं, मग आवाज मंदावतो आणि भाजल्या पावाचा वास सुटतो. त्याआधी उघडलं तर पाव पानाला चिकटून फाटतो. विजेच्या यंत्रात हे सगळं एक हिरवा दिवा ठरवतो. सोयीचं आहे; पण धुराचा वास त्यात कुठून येणार?

हल्ली पेंचकडच्या रिसॉर्टांत 'कॅम्पफायर' असतो, त्यात बहुधा जाळच जाळ, फोटोपुरता. जंगलात तर १५ फेब्रुवारीपासून १५ जूनपर्यंत वणव्याचा हंगाम. सागाचा पाचोळा ठिणगीची वाटच बघत असतो. म्हणून आमचा कार्यक्रम थंडीतला, आणि शेतातच. २०१८च्या डिसेंबरात नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला, तेव्हा शेकोटीभोवती जागेसाठी भांडणं झाली.

मुलीला आत चीज लागतं. ते कडेतून ओघळून इंगळावर पडतं आणि जळकट वास उठतो. तरी ती ऐकत नाही. ठेच्याची वाटी माझ्याकडे सरकवते, बस्स.