वधस्तंभ आणि क्रूस

येशू ख्रिस्ताला ज्या लाकडावर मृत्युदंड देण्यात आला, त्यासाठी मराठीत दोन शब्द रूढ आहेत; ते एकमेकांचे पर्याय मानले जात असले तरी त्यांचे वजन सारखे नाही. प्रॉटेस्टंट परंपरेच्या प्रचलित मराठी बायबलात 'वधस्तंभ' हा शब्द येतो, तर वसईच्या कॅथलिक प्रार्थनेत 'क्रूस' हा शब्द नांदतो, जो पोर्तुगीज भाषेतून आला आणि ज्याचे भावंड गोव्यात 'खुरीस' म्हणून ऐकू येते. पहिला शब्द कानी पडताच कोणाचा तरी जीव घेतला गेल्याचे कळते; दुसऱ्याची फोड करायला मराठी धातू सापडत नसल्यामुळे तो निव्वळ खूण होऊन राहतो. मुंबईच्या सांताक्रूझ स्थानकावर रोज उतरणाऱ्यांना आपण 'पवित्र क्रूस' असा उच्चार करत आहोत याचे भान क्वचितच असते, इतकी ती खूण वापरून गुळगुळीत झाली आहे. (बोली मराठीत येशूला 'सुळावर दिले' असेही म्हणतात, पण सूळ म्हणजे शरीरात भोसकण्याचा अणकुचीदार खांब, आणि ती शिक्षा वेगळी.)

नव्या कराराच्या ग्रीक भाषेतील 'स्तावरोस' या शब्दाचा जुना अर्थ 'उभा रोवलेला खांब' असाच आहे, म्हणून 'वधस्तंभ' हा अनुवाद मुळाच्या फार जवळ जातो. रोमन राज्यकर्ते वधस्तंभाची शिक्षा मुख्यतः गुलाम, बंडखोर आणि लुटारू यांना देत, रोमन नागरिक सहसा तिच्यातून सुटत, आणि ती मुद्दाम रहदारीच्या जागी दिली जाई, कारण मारण्याइतकाच धाक बसवण्याचा हेतू तिच्यात होता. इ. स. पू. 71 मध्ये स्पार्टाकसचे गुलामांचे बंड मोडल्यावर पकडलेल्या सुमारे 6000 जणांना कापुआ ते रोम या हमरस्त्याच्या कडेने टांगण्यात आले. सिसेरोसारख्या वक्त्याने भर न्यायसभेत, या शिक्षेचे नावसुद्धा नागरिकाच्या कानांपासून दूर राहावे, असे प्रतिपादन केले होते. 1968 मध्ये जेरुसलेमजवळच्या एका थडग्यात टाचेचे असे हाड सापडले की ज्यात खिळा तसाच रुतून राहिला होता. टोक वाकल्यामुळे तो उपसता आला नसावा, आणि या शिक्षेची इतकी थेट शारीरिक खूण हाती येणे दुर्मीळ आहे, कारण असे मेलेले बहुतेक जण कबरीपर्यंत पोहोचतच नसत.

अशा मृत्यूला श्रद्धेच्या केंद्रस्थानी ठेवणे त्या काळी किती विचित्र होते, हे पहिल्या शतकाच्या मध्यास करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौलाने लपवलेले नाही. हा संदेश यहुद्यांना ठेच लागण्याजोगा आणि इतरांना खुळचट वाटतो, हे तो स्वतःच मान्य करतो. यहुदी नियमशास्त्रात झाडावर टांगलेला मनुष्य शापित मानला आहे, आणि पौल हा शाप नाकारत नाही, तर ख्रिस्ताने तो इतरांसाठी अंगावर घेतला असे म्हणतो. रोमच्या पॅलाटाइन टेकडीवर 1857 मध्ये सापडलेल्या एका भित्तिरेखाटनात गाढवाचे डोके असलेला मनुष्य क्रूसावर दाखवला आहे आणि शेजारी त्याची उपासना करणाऱ्या अलेक्सामेनोस नावाच्या माणसाची टर उडवली आहे. ते साधारण इ. स. 200 च्या सुमाराचे मानले जाते, म्हणजे क्रूसावरील ख्रिस्ताच्या आज उरलेल्या अगदी आरंभीच्या चित्रांपैकी एक टवाळखोराच्या हातचे आहे. भक्तांनी मात्र भुयारी दफनस्थळांत मासा, जहाजाचा नांगर आणि मेंढपाळ काढणे पसंत केले. चौथ्या शतकात ही शिक्षा मागे पडली आणि रोममधील सांता सबिना चर्चच्या लाकडी दारावर क्रूसावरील ख्रिस्त कोरला गेला तो पाचव्या शतकात. खरा वधस्तंभ डोळ्यांदेखत उभा असेपर्यंत त्याची प्रतिमा काढण्यास हात धजले नसावेत, असा तर्क येथे करता येतो.

त्या मृत्यूने नेमके काय साधले, या प्रश्नावर धर्मशास्त्रात पुष्कळ उत्तरे आहेत. कँटरबरीच्या अँसेल्मने अकराव्या शतकाच्या अखेरीस मांडलेल्या सिद्धान्तानुसार पापामुळे देवाच्या सन्मानाचे जे देणे थकले, ते केवळ देव असलेला मनुष्यच फेडू शकत होता. मध्ययुगीन विचारवंत अबेलारने त्या मृत्यूत माणसाचे मन वळवणारे प्रेम पाहिले. आणि विसाव्या शतकात स्वीडिश धर्मपंडित गुस्टाफ औलेन यांनी मृत्यू आणि दुष्टता यांवरील विजयाची जुनी कल्पना पुन्हा पुढे आणली. यांपैकी अँसेल्मचा युक्तिवाद सर्वांत रेखीव आहे, पण तो जमाखर्चासारखा काटेकोर जुळतो हेच त्यातले न्यून आहे. मार्कच्या शुभवर्तमानातील येशू, देवाने आपल्याला का टाकले, असा आक्रोश करून मरतो, आणि हा आक्रोश कोणत्याही वहीत जमेच्या बाजूला मांडता येत नाही. योहानाच्या वृत्तान्तात तोच येशू कार्य पूर्ण झाल्याचे शांतपणे सांगून प्राण सोडतो. दोन्ही वृत्तान्त एकाच ग्रंथात शेजारी ठेवून मंडळीने त्यांपैकी एकाची निवड करण्याचे टाळले, आणि हे तिचे शहाणपण कोणत्याही सिद्धान्तापेक्षा मोठे वाटते.

हीच दुहेरी जाण प्रतिमांतही उतरली आहे. कलोनच्या कॅथीड्रलमध्ये दहाव्या शतकातील जो मोठा लाकडी क्रूस आहे, त्यावरील ख्रिस्ताचे डोके छातीवर कलले असून देह स्वतःच्याच भाराने खाली ओढला गेला आहे. कॅथलिक क्रूसावर असा देह बहुधा असतो, तर अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत पुनरुत्थानाकडे निर्देश करणारा रिकामा क्रूस दिसतो. मराठी शब्दांची वाटणी मात्र नेमकी उलटी झाली आहे, म्हणजे देहासह क्रूस पाहणाऱ्यांकडे निव्वळ खुणेचा शब्द आला आणि रिकाम्या क्रूसापुढे प्रार्थना करणाऱ्यांकडे वधाचा. मुंबईत 1896 पासून प्लेगची साथ पसरली तेव्हा वांद्र्यासारख्या ख्रिस्ती वस्त्यांनी संरक्षणासाठी जागोजाग क्रूस उभारले. मरणाच्या साथीत मरणाचेच साधन दारापुढे रोवणाऱ्या त्या माणसांना खूण आणि वध यांतला फरक कोणी समजावून देण्याची गरज नव्हती.

गुड फ्रायडेला कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे भाकर व द्राक्षरस अर्पण करण्याचा विधी, होत नाही. त्याऐवजी झाकलेला क्रूस समोर आणून त्यावरचे वस्त्र टप्प्याटप्प्याने दूर केले जाते, दर टप्प्याला धर्मगुरू लोकांना त्याकडे पाहण्याचे आवाहन करतात, आणि मग लोक एकेक करून पुढे येतात, वाकतात व त्या लाकडावर ओठ टेकवतात.