कर्जत-खालापुरात घर पाहताना

‘घर पाहावे बांधून’ असे वडीलधाऱ्यांनी म्हणून ठेवले आहे. परंतु दुसऱ्याने बांधलेले घर विकत घ्यावयाचे तर ते कसे पाहावे, याविषयी म्हण काही सांगत नाही. गेले वर्षभर आम्ही तोच अभ्यास केला. दादरच्या दोन खोल्यांत आमच्या तीन पिढ्या नांदतात. मातोश्रींस आता जिना झेपत नाही. थोरल्या बंधूंच्या निवृत्तीची रक्कम हाती आली, तेव्हा शहराबाहेर, पण रेल्वेच्या वाटेवर, एक घर घ्यावे असे ठरले. ही रक्कम आयुष्यात एकदाच यावयाची. चूक झाली तर ती निस्तरण्यास दुसरी नव्हती.

कर्जत हे मुंबईहून रेल्वेने सुमारे शंभर किलोमीटर. नेरळ मागे पडले की उजवीकडे माथेरानचा डोंगर व समोर सह्याद्रीची भिंत दिसू लागते. घाट चढणाऱ्या अनेक गाड्यांस कर्जतला जादा एंजिने जोडतात. आणि तेथूनच एक फाटा पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी अशी स्थानके घेत खालापूर तालुक्यातील खोपोलीस जातो. या फाट्याच्या आसपास आम्ही बरीच घरे पाहिली. त्यांपैकी तीन सांगण्याजोगी आहेत.

पहिले घर कर्जतजवळ उल्हास नदीच्या काठी. वैशाखात पाहिले तेव्हा अंगणात आंब्याची सावली, खाली खडकांतून वाहणारी बारीक धार. दादा तर तेथेच इसार द्यावयास निघाले. मातोश्री एवढेच म्हणाल्या, “अरे, घर कोठे पळून जात नाही. पावसात पुन्हा येऊ.” आषाढात आलो, तो तीच नदी तांबडी होऊन पात्राबाहेर शेतांत पसरलेली. शेजारच्या आजीबाईंनी आपल्या भिंतीवर हात ठेवून २००५ च्या जुलैतील पुराचे पाणी कोठवर आले होते, ते दाखविले. तो हात त्यांच्या छातीशी होता. नदीच्या पूररेषा निळ्या व तांबड्या रंगांनी नकाशावर दाखवितात. तो नकाशा पाहण्याचे आम्हांस तोवर सुचलेच नव्हते.

येथील पाण्याची गोष्ट मोठी चमत्कारिक आहे. पाऊस धो धो पडतो. परंतु जमीन काळ्या पाषाणाची आणि उताराची, म्हणून तो समुद्राकडे धाव घेतो आणि चैत्र-वैशाखात कित्येक वाड्यांवर हंडाभर पाण्यासाठी पायपीट होते. याला अपवाद टाटांच्या वीजगृहांचा. खोपोलीचे वीजगृह १९१५ चे, भिवपुरीचे १९२२ चे. घाटमाथ्यावरील तलावांचे पाणी नळांतून खाली उतरून चक्रे फिरविते. मग खोपोलीचे पाणी पाताळगंगेस व भिवपुरीचे पेज नदीस मिळते. त्यामुळे या नद्या उन्हाळ्यातही वाहतात. तात्पर्य, पूर पाहावा आषाढात आणि विहीर पाहावी वैशाखात.

दुसरे घर खालापूर तालुक्यात, चौकच्या बाजूस, डोंगराच्या उतारावर. खिडकीतून इरशाळगडाचा सुळका दिसे आणि किंमतही आमच्या आवाक्यात. परंतु घराला जागा व्हावी म्हणून उतार उभा तासला होता. स्वयंपाकघराच्या मागे दोन पुरुष उंचीची मातीची भिंत. १९ जुलै २०२३ च्या रात्री त्याच इरशाळगडाच्या कुशीतील इरशाळवाडी ही ठाकर लोकांची वाडी दरडीखाली गेली. शोध थांबविला तेव्हा २७ मृतदेह मिळाले होते आणि ५७ माणसे बेपत्ता होती. ही वाडी धोक्याच्या गावांच्या यादीत नव्हती, असे सरकारनेच तेव्हा सांगितले. यादीत नाव नाही म्हणून डोंगर थांबत नाही. त्या खिडकीत उभे राहून आम्हां कोणासच बोलवेना.

त्या घराचे कागदही आम्ही एका वकिलांना दाखविले. सातबारा व जुने फेरफार चाळता मूळ मालक आदिवासी निघाले. अशी जमीन शासनाच्या पूर्वपरवानगीवाचून इतरांस घेता येत नाही. शेतजमीन तर १९४८ च्या कुळकायद्याप्रमाणे शेतकरी नसलेल्यास सहसा घेताच येत नाही. ग्रामपंचायतीची घरपट्टी आपल्या नावे झाली म्हणजे मालकी सिद्ध झाली, असे पुष्कळांस वाटते. तेही खरे नव्हे.

तिसरे घर खोपोलीच्या अलीकडे, एका गावठाणात. दिसावयास साधे: उंच जोते, कौलारू छप्पर, ओटी, माजघर, मागे विहीर. वाशांस वाळवी लागलेली. देखावा म्हणावा तर समोरच्याची गोठ्याची भिंत. दादांचा चेहरा उतरला. वहिनी विहिरीत डोकावून आल्या. वैशाख संपत आला होता, तरी पाणी चार हात होते. मातोश्री ओटीवर टेकल्या, तोच शेजारची सून पाण्याचा तांब्या घेऊन आली व “आजी, गुडघा दुखतो का?” म्हणून विचारू लागली.

परतताना गाडीत दादा म्हणाले, “आई, इतके पैसे घालून देखावा नसलेले घर?” मातोश्री म्हणाल्या, “तुम्ही शनिवारी याल आणि रविवारी जाल. सहा रात्री मी एकटी. हाक मारली तर डोंगर ‘ओ’ देणार आहे का?”

त्यावर दादा काहीच बोलले नाहीत. केळवली गेले, पळसदरी गेले. कर्जतला गाडी उभी राहताच त्यांनी खिशातून कागद काढून वासे बदलण्याचा खर्च मांडावयास घेतला.

वाचकहो, आम्ही वर्षभर घर पाहत होतो. मातोश्री मात्र त्यात राहावयाचे कोणी, हे पाहत होत्या. कागद तपासून पुरे झाले आहेत. खरेदीखत येत्या महिन्यात होईल, आणि पावसापूर्वी नवे वासे चढतील.