आमच्या घरचा गुण्या

गणिताचा शिक्षक म्हणून एकतीस वर्षें मीं अमरावतीच्या मुलांना काटकोन शिकविला. कर्णाच्या वर्गाचा नियम बौधायनाच्या शुल्बसूत्रांत वेदी बांधण्याच्या निमित्तानें आलेला आहे, हें मी दर वर्षीं वर्गांत मोठ्या अभिमानानें सांगत असें. अशा मनुष्याच्या घरांत दोन वर्षें एक खोटा काटकोन सुखानें नांदत होता, त्याची ही हकीकत.

तीन वर्षांपूर्वीं तीर्थरूपांच्या पुस्तकांसाठीं माजघरांत कपाट करावयाचें ठरलें. परतवाड्याहून आणलेल्या सागाच्या गोष्टी वडील मंडळींनीं सांगाव्या व आम्हीं ऐकाव्या, इतकाच आमचा सागाशीं संबंध उरला आहे; म्हणून प्लायचे तक्ते आणले. घरचे नेहमींचे वृद्ध मिस्त्री आले. त्यांचा झिजलेला लांकडी गुण्या पाहून मला हंसूं आलें, आणि नुकताच विकत घेतलेला सपाट पोलादी गुण्या मीं आग्रहानें त्यांच्या हातीं दिला. कपाट उभें राहिलें, पण दारें लागेनात. एक वर घांसे, दुसरें खालीं उघडें राही. मी सर्व मंडळींदेखत मिस्त्रींना नको तें बोललों आणि मजुरींतून पांचशें रुपये कापून घेतले. ते कांहीं न बोलतां हत्यारें गोळा करून गेले. पुढें अकोल्यास मुलाकडे राहावयास गेल्याचें कळलें. त्या रात्रीं वाढतांना वहिनी एवढेंच म्हणाल्या, "भाऊजी, वीस वर्षांत त्यांचें असें कधीं झालें नव्हतें." मीं तिकडे लक्ष दिलें नाहीं.

गेल्या वैशाखांत पुतण्याला अभ्यासाचें टेबल हवें झालें. "काका, आपणच करूं," असें त्यानें घेतलें. गोल पात्याची विजेची करवत त्यानें मित्राकडून आणली. पण आठ फूट लांबीचा तक्ता हातानें सरळ कापणें हें येरागबाळ्याचें काम नव्हे. त्यासाठीं रुळावरून सरकणारी करवत मिळते. जर्मनीच्या फेस्टूल कंपनीची त्यांत मोठी ख्याति आहे. किंमत ऐकून आमचा उत्साह मावळला. तेव्हां रूळ घरींच करावा असें ठरलें, आणि तो इतका सोपा निघाला कीं वाचकांस सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

सहा मिलिमीटर जाडीच्या प्लायची आठ फूट लांब, फूटभर रुंद पट्टी घ्यावी. तिच्यावर दुसरी अरुंद पट्टी अशी चिकटवावी कीं हिची कारखान्यांत कापलेली सरळ कड करवतीच्या बाजूस येईल. चिकटविलेलें वाळल्यावर त्या कडेला करवतीचा तळ टेकवून ती एकदां या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवावी. खालच्या पट्टीचा जास्तीचा भाग कापला जातो, आणि जी कड उरते ती बरोबर पात्याच्या मार्गावर असते. पुढें ती कड पेन्सिलीच्या रेघेवर ठेवून दोन्हीं टोकांस शिकंजे आवळले म्हणजे झालें. मात्र करवत व पातें तींच हवींत. पातें बदललें कीं कड बदलली. तक्त्याखालीं थर्मोकोलचा जाड थर पसरावा, आणि पातें जाडीहून किंचितच खालीं उतरवावें. दांते खालून वर येतात, म्हणून टवके वरच्या बाजूस उडतात. चांगली बाजू खालीं ठेवावी. कित्येक ठिकाणीं फरशी कापण्याच्या यंत्रालाच लांकडाचें पातें लावतात. त्यास पातें झांकणारी, आपोआप मिटणारी टोपी नसते. तो मार्ग स्वस्त खरा, पण मला मुळींच पसंत नाहीं. आमच्या रुळाला शिकंज्यांसकट दोन हजारही लागले नाहींत.

पहिली फळी आरशासारखी कापली गेली. तिचे दोन्हीं कर्ण मोजले, तर तीन सूत फरक! मी पुतण्यावर रागावलों. त्यानें शांतपणें दुसरा, न कापलेला तक्ता मोजला: 2440 बाय 1220, आणि दोन्हीं कर्ण 2728 मिलिमीटर. तक्ता निर्दोष होता. रूळ सरळ कापतो; काटकोन मात्र गुण्याकडून घ्यावा लागतो. मग पुतण्यानें गुण्या कडेशीं जुळवून एक रेघ ओढली, तो उलटा करून त्याच बिंदूंतून दुसरी ओढली. दोन रेघा वर जातां जातां फांकल्या.

वहिनी दारांतच उभ्या होत्या. त्या कांहीं बोलल्या नाहींत. आंत जाऊन त्यांनीं दुसऱ्या दिवशींच्या प्रवासाचा डबा काय करावा, एवढेंच मला विचारलें.

बडनेऱ्याहून गाडी धरली. मूर्तिजापूर मागें पडेपर्यंत मी काय बोलावें तें जुळवीत होतों. अकोल्यास त्यांतलें एकही वाक्य उपयोगी पडलें नाहीं. मिस्त्रींपुढें गुण्या ठेवला, पांचशें रुपये ठेवले, आणि घडलें तें सांगितलें.

"म्याच उलटून पाह्याले पायजे होता, गुरुजी," ते म्हणाले. "तुमी देल्ला म्हणून नाही पाह्यला."

रुपये त्यांनीं न मोजतां खिशांत ठेवले. रुळाची कृति मात्र दोनदां विचारून घेतली. मग गुण्या ऐरणीसारख्या एका लोखंडी ठोकळ्यावर सपाट ठेवला. कोन मिटलेला होता, म्हणून आंतल्या कोपऱ्याशीं टोकदार पंच धरून हातोडीचा एक हलका ठोका दिला. तेथील पोलाद फांकतें व कोन उघडतो. रेघा ओढून पाहिल्या, पुन्हां ठोका. तिसऱ्या ठोक्याला सुनेनें चहा आणला. चहा घेऊन त्यांनीं आणखी एकदां गुण्या उलटून पाहिला, वर्तमानपत्रांत गुंडाळला आणि माझ्या पिशवींत ठेवला.

कपाटाचीं दारें उतरवावयास ते पुढल्या महिन्यांत येणार आहेत.