छपराची पाठवणी

स्टुटगार्ट शहर खोलगट वाडग्यात वसावे तसे वसले आहे. भोवती टेकड्या आणि टेकड्यांवर द्राक्षांचे मळे. गेल्या उन्हाळ्यात आम्ही उभयता भाच्याकडे तिथे महिनाभर राहिलो. पुष्कळ पाहिले, पण मनात घर करून राहिले ते एक छप्पर!

शेजारच्या आजोबांनी आपली जुनी मर्सिडीझ २३० एसएल विकली होती. १९६३ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात प्रथम झळकलेली ही गाडी. तिचे काढता-घालता येणारे कडक छप्पर मध्ये किंचित खोलगट, म्हणून रसिकांनी तिचे नाव ठेवले ‘पॅगोडा’. कापडी टप चढवून गाडी आधीच हँबुर्गला गेली होती. छप्पर मागाहून जायचे होते.

“मामा, जरा हात लावता?” भाचा म्हणाला. ते उचलायला दोन बाजूंना दोघे लागतात. आजोबांनी बजावले, चकचकीत पट्टीला धरू नका, काचेवर भार नको. लाकडी खोक्यात घोंगड्या अंथरून, गाडीवर बसते तसेच ते कडांवर टेकवले, उताणे नाही. मग पट्ट्यांनी आवळले.

ट्रक वळणाआड गेला. “गाडी का विकली त्यांनी?” मी विचारले.

“दर वसंतात छपराची दुसरी बाजू आजी धरायच्या. गेल्या वर्षी त्या गेल्या.”

यंदा दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची ट्रंक उतरवायची होती. एरवी मी एकटाच उतरवतो. या वेळी सौभाग्यवतींना हाक मारली.