पंखा फिरवताना आत कशाला बसायचं?

फुलसावंगी, तालुका महागाव, जिल्हा यवतमाळ. ऑगस्ट २०२१. चोवीस वर्षांचा वेल्डर, शिक्षण आठवीपर्यंत. पोराने मारुती ८०० चं इंजिन लावून हेलिकॉप्टर बनवलं होतं. पंधरा ऑगस्टला गावाला दाखवायचं होतं. त्याआधीच, जमिनीवरच्या चाचणीत मागच्या पंख्याचं पातं तुटून वरच्या मोठ्या पंख्यावर आदळलं आणि तो पंखा आत बसलेल्या पोरावर आला. पोरगा गेला.

बातम्यांनी त्याला रँचो म्हटलं. हळहळ खरी होती, पण मला एकच प्रश्न छळतो : नुसता पंखा फिरवून बघायचा तर माणूस आत कशाला हवा?

आज हे लिहितोय, कारण आपल्या वैशाखरे परिसरातल्या एका गॅरेजवाल्या पोराने परवा मला मोबाईलवर त्याच्या यंत्राचा व्हिडिओ दाखवला. हात सोन्यासारखा आहे त्याचा. पण पंखा सुरू, आणि तीन फुटांवर चार मित्र शूटिंग करतायत!

मी त्याला कागदावर हिशोब करून दाखवला. पात्याचा एक किलोचा तुकडा, मध्यापासून दीड मीटरवर, मिनिटाला ४०० फेऱ्या. तो तुकडा साधारण २७० किलोच्या ताकदीने बाहेर ओढला जातो. फेऱ्या दुप्पट केल्या की ओढ चौपट, म्हणजे हजार किलोच्या वर. ४०० फेऱ्यांतही तो सुटला तर ताशी सव्वादोनशे किलोमीटरने जाणार. मळणी मशीनचा पट्टा तुटल्यावर काय होतं ते आपण शेतकऱ्यांना सांगायला नको. इथे तर लोखंड आहे.

म्हणून सांगितलं, बाबा रे, आधी सांगाडा जमिनीत खुंट्या ठोकून साखळीने बांध. आत कोणी नाही. लांब केबलने रेस दे, इंजिन बंद करायचं बटणही लांबच, हाताशी. स्वतः वाळूच्या पोत्यांच्या भिंतीआड उभा राहा. एक मिनिट चालव, थांबव, बोल्ट बघ. वेल्डिंगच्या कडेला केसाएवढी चीर दिसली तरी तो तुकडा भंगारात. रात्री चाचणी नाही. आग विझवायचं सिलिंडर आणि एक शहाणा माणूस सोबत. आणि मोटरगाडीचं इंजिन दमदार असलं तरी पात्यांचा तोल ते सांभाळत नाही, ते काम वेगळंच आहे.

परवानगीचं विचारलं तर कॅप्टन अमोल यादवांचं उदाहरण दिलं. ते स्वतः वैमानिक. कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर त्यांनी विमान बांधलं. २०१६ मध्ये ते 'मेक इन इंडिया'त मांडलं, नोंदणी झाली २०१७ मध्ये आणि उड्डाणाचा परवाना मिळाला २०१९ मध्ये. डीजीसीएच्या चकरा मारून माणूस वैतागतो, हे मान्य. व्यवस्था संथ आहे, तिच्यावर टीका व्हायलाच हवी. पण गावातल्या पोराला त्या दारापर्यंत नेणारं कोणी नाही, हे जास्त वाईट. तालुक्यातल्या आयटीआयच्या सरांनी महिन्यातून एक दिवस अशा पोरांची वेल्डिंगं तपासली तरी पुष्कळ. लोकप्रतिनिधी सत्काराला शाल घेऊन येतातच, एकदा वाळूची पोती घेऊन या.

आणि बघ्यांनो, पंखा फिरतो त्याच्या सरळ रेषेत उभं राहू नका. तुटलेलं पातं तिकडेच येतं.